घट्ट धरा त्याला

परवा रात्री जेवताना धाकट्या भावाने त्याच्या मुलाच्या सुन्नतचा विषय काढला. पोरगा पाच वर्षांचा झालाय, शाळेला सुट्टी लागली की उरकून घेऊ, असं त्याचं म्हणणं. कुणीतरी त्याला शेजारच्या गावातल्या एका जुन्या माणसाचं नाव सुचवलं होतं. पाच मिनिटांचं काम, दोघांनी धरायचं, झालं. त्यावर अम्मी जे बोलली ते ऐकून माझा हातातला घास हातातच राहिला. ती असं बोलेल असं सात वर्षांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं, तर मी हसलो असतो.

ती काय बोलली ते शेवटी लिहितो. आधी ही सात वर्षं.

मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मला दोन मुलं, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. मुलाचं नाव इथे लिहीत नाही. आता तो अकरा वर्षांचा आहे. हे लिहू का, असं मी त्याला विचारलं तेव्हा त्याने दोन अटी घातल्या. नाव नको आणि फोटो नको. दोन्ही मान्य केल्या.

२०१८ साली, तो चार वर्षांचा असताना, त्याला सारखा ताप येऊ लागला. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप आणि हुडहुडी. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली, तर लघवीत जंतू निघाले. सोनोग्राफीत एका मूत्रपिंडाला सूज दिसली. मग एमसीयू नावाची तपासणी करायचं ठरलं.

ज्यांना ही तपासणी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काही मुलांमध्ये मूत्राशयातली लघवी उलटी वर, मूत्रपिंडाकडे जाते. जंतू असलेली लघवी अशी वर जात राहिली तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण पडू शकतात. ती उलटी जाते का, हे पाहण्यासाठी लघवीच्या जागेतून बारीक नळी आत घालतात, तिच्यातून मूत्राशयात एक्स-रेमध्ये दिसणारं औषध भरतात, आणि मूल लघवी करत असताना फोटो काढतात. मुलाने टेबलावर, सगळ्यांच्या देखत लघवी करायची असते. म्हणजे त्याला पूर्ण भूल देऊन झोपवून हे करता येत नाही. ते जागं हवं.

आम्ही मिरजेला गेलो. आमच्या भागात कुणाला काही मोठं झालं की मिरज, हे ठरलेलंच. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती. बाहेर वीस-पंचवीस जण नंबर लावून बसले होते आणि त्यांना काम संपवायचं होतं. आमचा नंबर आला. मुलाला टेबलावर झोपवलं, चड्डी काढली. तो आधी लाजला, मग घाबरला, आणि नळी पाहिल्यावर किंचाळू लागला. बाईंना मी विचारलं, दुखेल का? त्या म्हणाल्या, "जेली लावलीय, काही होत नाही." जागा बधिर करणारी जेली लावली तरी तिचा परिणाम व्हायला काही मिनिटं थांबावं लागतं, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी कुणी थांबलं नाही.

"तुम्ही वडील ना? हात घट्ट धरा त्याचे."

मी धरले. वॉर्डबॉयने पाय धरले. माझी बायको दाराशी तोंडात पदर घालून उभी होती. पहिल्यांदा नळी गेली नाही, कारण तो सगळं अंग आवळून घेत होता. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा गेली. तो माझ्याकडे बघून ओरडत होता, "अब्बा सोड! अब्बा सोड ना!" मी सोडलं नाही. मी म्हणत होतो, "शेर है ना तू मेरा? बस, हो गया, हो गया." झालेलं काहीच नव्हतं.

आणि एवढं करूनही तपासणी अर्धीच झाली. औषध भरलं, पण त्याने लघवी केली नाही. अर्धा तास सगळे त्याला कर, कर म्हणत होते. भीतीने आवळलेलं अंग सैल होत नव्हतं. रिपोर्टवर शेरा आला की लघवी करतानाचे फोटो मिळाले नाहीत. तरीही औषध भरतानाच ते वर जाताना दिसलं होतं, म्हणून निदान झालं. रोज रात्री अँटिबायोटिकचा एक छोटा डोस सुरू झाला. वाढत्या वयाबरोबर हा त्रास बऱ्याच मुलांत आपोआप कमी होतो, वर्षभराने पुन्हा हीच तपासणी करू, असं सांगून आम्हाला घरी पाठवलं.

घरी आलेलं पोरगं वेगळंच होतं. तो लघवी अडवून धरू लागला. ज्या आजारात लघवी साचू द्यायची नसते, त्याच आजारात. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं. आंघोळीला कपडे काढू देईना. पांढरा शर्ट घातलेला कुणी घरी आला की पलंगाखाली जायचा. मी हात पुढे केला की आधी हाताकडे बघायचा, मग माझ्याकडे. हे सगळ्यात जास्त लागायचं. नळी डॉक्टरांनी घातली होती, पण त्याच्या हिशेबात ते काम माझ्या हातांचं होतं.

एका रात्री मला झोप येईना, तेव्हा माझी स्वतःची सुन्नत आठवली. मी सहा वर्षांचा होतो. नवा कुर्ता, गळ्यात फुलांचा हार, बाहेर बिर्याणीची देगची, घरभर पाहुणे. मला वाटलं माझं काहीतरी कौतुक चाललंय. मग मला पाटावर बसवलं, मामूंनी मागून दोन्ही हात आवळले, पाय आपल्या पायांत अडकवले, आणि नाई समोर बसला. सगळे एकदम ओरडले, "उप्पर देख, उप्पर देख, सोने की चिडिया चली!" मी वर पाहिलं.

माझ्या वयाच्या किती वाचकांनी ती सोन्याची चिमणी शोधली असेल! आम्ही मोठेपणी हे हसत हसत सांगतो. मीही स्टाफरूममध्ये सांगितलेलं आहे. पण त्या रात्री मला हसू आलं नाही. आठवलं ते दुखणं नव्हतं. ज्या मामूंच्या खांद्यावर बसून मी उरूस बघायचो, त्यांच्याजवळ पुढे कित्येक महिने मी गेलो नव्हतो, हे आठवलं. माझ्या मुलाची सुन्नत आम्ही तो तीन महिन्यांचा असताना दवाखान्यात, जागा बधिर करून उरकली होती. त्याच्या वाट्याला सोन्याची चिमणी येणार नाही, याचं मला समाधान होतं. आणि चार वर्षांनी मीच त्याला टेबलावर दाबून धरलं होतं, "हो गया, हो गया" म्हणत.

वर्षभराने पुन्हा तपासणीची वेळ आली तेव्हा आम्ही पुण्याला लहान मुलांच्या मूत्ररोगांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी त्यांना फाईल दिली. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि विचारलं, "मागच्या वेळी काय झालं?" मी सांगायला सुरुवात केली आणि मलाच बोलता येईना. शेवटी बायकोने सांगितलं.

त्या म्हणाल्या, "या वेळी आपण त्याला मिडाझोलम देऊ. भीती कमी करणारं औषध आहे. तो जागा राहील, बोलेल, लघवीही करू शकेल. फक्त घाबरण्याची धार बोथट होईल. आणि बहुतेक त्याला नंतर फारसं आठवणार नाही."

मी पहिला प्रश्न विचारला तो हा: "हे आधी का नाही दिलं कुणी?"

त्या म्हणाल्या, "औषध स्वस्त आहे हो. महाग आहे ते त्याच्यासोबत लागतं ते. मुलाच्या श्वासावर लक्ष ठेवणारा जाणकार माणूस, बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र, गरज पडली तर ऑक्सिजन, आणि एक मोकळा तास." हे मला पटलं. आपल्याकडे गर्दीच्या दवाखान्यात सगळ्यात दुर्मीळ गोष्ट तो मोकळा तास आहे. त्याची किंमत मूल देतं.

घरी येऊन सांगितलं आणि वादळ उठलं. अम्मी म्हणाली, "बच्चे कू नशे की दवा पिलाते क्या रे तुमे?" आमच्या घरात तंबाखूसुद्धा कुणी खात नाही. त्यात शेजारच्या एका काकांनी मोबाईलवर काहीतरी वाचून सांगितलं की अशा गोळ्यांची सवय लागते. मोठ्या बहिणीचं म्हणणं वेगळंच होतं. मुलगा आहे, थोडं सोसायला शिकायला नको का? अल्लाहने सब्र सांगितलाय.

सवयीचा प्रश्न मी डॉक्टरांना फोन करून विचारला. रोज, महिनोन् महिने घेतल्या तर या जातीच्या औषधांची सवय लागते, हे खरं आहे. म्हणूनच ती चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. पण एका तपासणीसाठी, वजनावर मोजून दिलेला एक डोस ही वेगळी गोष्ट. तो काही तासांत उतरतो.

नशेचा प्रश्न घेऊन मी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांकडे गेलो. अस्रनंतर ओट्यावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते एखादी किताब काढतील. त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुमच्या अब्बांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा भूल दिली होती ना? तेव्हा का नाही आलात विचारायला?" मी गप्प. ते म्हणाले, मजेसाठी अक्कल झाकणं वेगळं आणि जाणकार हकीमाने इलाजासाठी दिलेली दवा वेगळी. आजार आहे तिथे इलाज शोधा, ही तर आपल्याला ताकीद आहे. आणि सब्राबद्दल म्हणाले ते मला विसरता येत नाही. सब्र ज्याने त्याने स्वतःचा करायचा असतो, दुसऱ्याच्या लेकराकडून जबरदस्तीने करवून घेतात त्याला सब्र म्हणत नाहीत.

मग मी शिक्षकाच्या सवयीने वाचायला लागलो. जे वाचलं त्यातल्या दोन गोष्टी इथे सांगतो.

एक. १९८०च्या दशकापर्यंत जगातल्या मोठमोठ्या दवाखान्यांतसुद्धा नवजात बाळांवर अगदी तुटपुंज्या भुलीवर शस्त्रक्रिया होत. त्यांना वेदना नीट कळत नाहीत, आणि भूल त्यांना झेपणार नाही, असा समज होता. कन्वलजीत आनंद या मूळच्या भारतीय, इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉक्टरांनी ऑक्सफर्डमध्ये काम करताना दाखवून दिलं की वेदनेचं औषध मिळालेली बाळं शस्त्रक्रियेनंतर जास्त चांगली सावरतात. १९८७ साली ते प्रसिद्ध झालं आणि जगभरची पद्धत बदलत गेली. म्हणजे "लहान आहे, त्याला काय कळतंय" हे फक्त आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं नव्हतं. मोठमोठे डॉक्टरही तेच धरून चालले होते. पुढे कर्करोग झालेल्या मुलांच्या पाहणीत असंही दिसलं की पहिल्या वेळी वेदना नीट सांभाळली नाही, तर पुढच्या वेळी चांगलं औषध देऊनही लहान मुलांना जास्त त्रास होतो. हे वाचताना मला माझ्या मुलाची हाताकडे बघणारी नजर आठवली.

दोन. मिडाझोलम ज्या घराण्यातलं औषध आहे, त्यातलं पहिलं औषध लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने शोधलं. ते १९६० साली बाजारात आलं. १९६३ साली डायझेपाम आलं, आणि मिडाझोलम १९७०च्या दशकात तयार झालं. हा स्टर्नबाख ज्यू होता. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४१ साली, त्याच्या कंपनीने त्याला स्वित्झर्लंडहून अमेरिकेत हलवलं. ज्याला भीतीपायी युरोप सोडावा लागला, त्याच्या हातून भीतीवरचं औषध निघालं. अम्मीला मी हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अल्लाह किसके हात से शिफा भेजेगा, किसकू मालूम."

पण परवानगी अजून दिली नव्हती. ती आमच्यासोबत पुण्याला आली, ते लक्ष ठेवायला.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही मुलाशी खेळून तयारी केली. त्याच्या बहिणीची बाहुली घेतली, शरबताची एक नळी घेतली. नळी कुठे जाणार, पाणी कसं भरणार, सू कशी करायची, सगळं खरं सांगितलं. दुखणार नाही असं म्हटलं नाही. थोडं टोचेल, जळजळेल, आणि मग संपेल, असं म्हटलं. त्याने बाहुलीला आठ-दहा वेळा तपासलं. एकदा बाहुलीचे हात धरायला मला बसवलं आणि मग स्वतःच म्हणाला, "नको, धरू नका. ती हलत नाही."

त्या दिवशी सकाळी सहा तास आधीपासून जेवण बंद होतं, पाणी दोन तास आधीपर्यंत चालणार होतं. औषध कडू असतं, म्हणून गोड सिरपमध्ये मिसळून दिलं. भूलतज्ज्ञ डॉक्टर समोर बसले होते, बोटाला यंत्र लावलेलं. अम्मीने आयतुल कुर्सी पढून त्याच्यावर फुंकर घातली. डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, तुमचं औषध आधी, मग आमचं." वीस मिनिटांत त्याचं बोलणं जड झालं. मग तो फिदीफिदी हसायला लागला. छतावरचा पंखा त्याला विमान वाटत होता.

डॉक्टरीणबाईंनी जेली लावली आणि घड्याळ लावून थांबल्या. मी हात धरायला पुढे झालो, सवयीने. त्या म्हणाल्या, "धरायचं नाही. डोक्याशी बसा आणि गोष्ट सांगा." मी त्याच्या डोक्याशी बसलो. गोष्ट काय सांगितली ते मलाच आठवत नाही, त्यात एक बकरी होती आणि ती एसटीने सांगलीला चालली होती. नळी जाताना तो एकदा "आई गं" म्हणाला, चेहरा वाकडा केला, डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाला, "बकरीनं तिकीट काढलं का?" औषध भरलं. लघवी कर म्हटल्यावर त्याने केली. सगळे फोटो मिळाले. वर जाणारी लघवी पहिल्यापेक्षा कमी झाली होती. अल्हम्दुलिल्लाह.

बाहेर अम्मी तसबीह घेऊन बसली होती. तिने रडण्याचा आवाज येईल म्हणून कान लावले होते. तो आला नाही, म्हणून ती जास्तच घाबरली होती. मुलाला व्हीलचेअरवरून हसत बाहेर येताना पाहिलं आणि तिने दोन्ही हातांनी त्याच्या चेहऱ्यावरून बला घेतल्या.

आता हे औषध म्हणजे जादू नाही, तेही लिहायला हवं. त्या संध्याकाळी तो खूप चिडचिडा झाला, पाय अडखळत होते, बहिणीला मारलं, भिंतीला धडकू नये म्हणून त्याला उचलून फिरावं लागलं. काही मुलांमध्ये हे औषध उलटा परिणाम करतं, मूल शांत होण्याऐवजी बिथरतं. डोस जास्त झाला किंवा दुसऱ्या गुंगीच्या औषधासोबत दिलं, तर श्वास मंदावू शकतो. म्हणून हे घरी द्यायचं औषध नाही. कुणाची तरी उरलेली गोळी अर्धी करून देणं तर मुळीच नाही. आणि औषधाने तयारीची जागा भरत नाही. बाहुली, जेली, थांबलेली ती पाच-सात मिनिटं आणि बकरीची गोष्ट, हे सगळं मिळून ते झालं.

विसरण्याबद्दल माझ्या मनात अजून एक काटा आहे. त्याला दुसरी तपासणी आठवत नाही. पहिली आठवते का? परवा हे लिहू का विचारलं तेव्हा मी तेही विचारलं. तो म्हणाला, "नळी नाही आठवत. तू सोडत नव्हतास ते आठवतं." मी माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे ना अब्बा," आणि सायकल घेऊन गेला. अकरा वर्षांचा मुलगा आणखी काय बोलणार!

तुमच्या मुलाची अशी काही तपासणी असेल, टाके असतील, सुया असतील, तर एवढं विचारा: जागा बधिर करता येईल का, आणि त्यासाठी थांबणार का? भीती कमी करायचं औषध देता येईल का, आणि त्यावर लक्ष ठेवायला कोण असेल? मी मुलाच्या डोक्याशी बसू शकतो का? विचारायला लाजू नका. मी लाजलो होतो. आपण शिकलेली माणसं डॉक्टरांसमोर उगाच शहाणी होऊन बसतो आणि मुलाचे हात धरतो. प्रत्येक दवाखान्यात हो उत्तर मिळेलच असं नाही. जीव वाचवायची घाई असेल तर धरावंही लागेल. पण जी तपासणी दोन आठवड्यांनी केली तरी चालते, तिच्यासाठी एक मोकळा तास शोधता येतो.

तर परवाच्या जेवणाकडे येतो. भाऊ म्हणाला, पाच मिनिटांचं काम, दोघांनी धरायचं, मी आहे, दादा आहे. अम्मी भाकरी वाढत होती. तिने वर न बघता विचारलं, "उसकू दवा देते क्या? बधिर करने की?"

भाऊ म्हणाला, "पाच मिनिटांसाठी कशाला, अम्मी?"

अम्मी म्हणाली, "तो नक्को. डॉक्टर कू पूछके, दवा देके करने का. पकड के नईं करने का."

नंतर थोडं थांबून तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तेरे वक्त मालूम नईं था रे हमना." मी मान हलवली आणि भाकरी मागून घेतली.